आठ पट कॅन्सर? निफाडकडच्या एका गावाचा हिशोब

२०२४ च्या गोडी छाटणीच्या दिवसांत धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, ताई ग्रामसभेत ठराव घ्यायचाय, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन जाणारे, आकडे तेवढे तू नजरेखालून घाल. मी नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि माहेर निफाड तालुक्यात, त्यामुळे गावात कुणाला कसलाही आकडा अडला, अगदी सोसायटीच्या कर्जाचं व्याज असलं तरी, फोन मलाच येतो. मसुदा व्हॉट्सअपवर आला. ठळक अक्षरात एकच वाक्य: गेल्या पाच वर्षांत आमच्या गावात कॅन्सरचे २३ बळी, देशाच्या सरासरीच्या आठ पट, कारण द्राक्षावरची फवारणी.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. एकदा गावाच्या नावापुढे कॅन्सर चिकटला की मग पोरांची लग्नं, जमिनीचे भाव, एक्स्पोर्टचा माल, सगळ्यालाच चिकटतो.

आधी आठ पट आलं कुठून ते शोधलं. गावातले एक रिटायर्ड गुरुजी, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी शंभर पानी वहीत यादी केलेली. वाडीवार नावं, वय, कुठला कॅन्सर, साल. नानांचा सख्खा धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेलेला, तेव्हापासून ते ही वही लिहितायत. त्यांनी २३ ला २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येनं भागलं, ती होती साडेचार हजाराच्या आसपास, म्हणजे लाखाला ५११. देशाचा आकडा त्यांना मिळाला लाखाला ६४. पाचशे अकरा भागिले चौसष्ट, आठ. भागाकार एकदम बरोबर, गुरुजींचाच तो.

पण ६४ हा आकडा एका वर्षाचा आहे आणि ५११ पाच वर्षांचा. वर्षाला काढलं तर २३ चे झाले ४.६ आणि लाखाला १०२. म्हणजे एका ओळीत आठ पटीवरून दीड पटीच्या जरा वर. हे एफवायच्या पोरानं केलं असतं तर मी लाल पेनानं गोल केला असता. नानांना फोनवर सांगताना मात्र जीभ अडखळली कारण त्यांच्यासाठी ती २३ नावं होती, लाखाला वगैरे काही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बरं मग पोरी, तूच ये आणि बघ एकदा घरोघर जाऊन."

गेले. दोन रविवार, भावाच्या बाईकवर मागे बसून, वही मांडीवर.

घरोघरी एकच दृश्य. विचारलं की आतून एक प्लॅस्टिकची कॅरीबॅग येते, त्यात सगळे कागद, एक्सरे, सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट, परळच्या टाटाची फाइल असेल तर ती सगळ्यात वर. पंचवटी एक्स्प्रेसची जुनी तिकिटं पण त्याच पिशवीत. लोक ही पिशवी टाकून देत नाहीत, माणूस जाऊन चार वर्षं झाली तरी. माझं काम सोपं झालं ते या पिशव्यांमुळे, कारण गावाच्या तोंडी काय आहे आणि रिपोर्टात काय आहे यात बरंच अंतर निघालं.

२३ पैकी ६ जण जिवंत होते. ट्रीटमेंट चालू, किंवा संपलेली. एक काकू तर दारात शेंगा फोडत बसलेल्या, त्यांचं नाव बळींच्या यादीत आहे हे सांगायची हिंमत मला झाली नाही. नानांनी "कॅन्सर झालेले" आणि "कॅन्सरनं गेलेले" एकाच यादीत लिहिलेले आणि तुलना केलेली मृत्यूदराशी. ही चूक शिकलेली माणसंही सर्रास करतात. भारतात २०२२ मध्ये नवीन रुग्ण अंदाजे १४ लाख १३ हजार आणि मृत्यू अंदाजे ९ लाख १७ हजार, हे ग्लोबोकॅनचे आकडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे. एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला मृत्यू धरले की आपलं गाव बसल्या जागी दीडपट आजारी होतं.

राहिले १७. त्यातले तीन गावचे, पण गावात राहत नव्हते. दोघं वीस-बावीस वर्षं सिडकोत, कंपनीत नोकरी, गावाला फक्त यात्रेला. एक लेक सिन्नरला दिलेली. आता हे काढताना त्रास होतो बरं का, कारण दहावं गावातच झालं, रडणारे सगळे गावातले. पण भागाकारात खाली गावात राहणारे लोक धरले तर वर पण तेच धरावे लागतात. १४ उरले. एक जण २०१७ चे निघाले, खिडकी आपण २०१९ ते २०२३ अशी धरलेली. १३.

मग दोन नावं कारणावरून गेली. एकाला फुफ्फुसात डाग होता म्हणून गावानं कॅन्सर ठरवलेला, पिशवीत टीबीचे कागद. दुसरी केस जड होती. पन्नाशीची बाई, ब्रेस्ट कॅन्सर, केमो चालू असताना एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला आणि आठ दिवसांत गेल्या. घरचे म्हणतात कॅन्सरनंच गेली, केमोनं अंगात काही राहिलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा त्या काळातला नियम असा की कोविडनं झालेला मृत्यू कॅन्सरसारख्या दुसऱ्या आजाराच्या नावावर टाकायचा नाही, तो कोविडचाच. देशाचा आकडा ज्या नियमानं मोजायचा त्याच नियमानं गावाचा, म्हणून काढलं. ११.

इथवर भाऊ खूश होता, त्याची बाग आहे, फवारणीवर खापर फुटू नये असं त्याला वाटणारच. पण मी म्हटलं थांब, नुसतं वजाच करत बसलो तर आपणही नानांसारखंच करतोय, फक्त उलट्या बाजूनं. यादीत जे नाहीत ते कोण?

ग्रामपंचायतीत जाऊन जन्म-मृत्यूची नोंदवही मागितली. ग्रामसेवकांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात मात्र ते भाऊसाहेबच. भले माणूस, चहा पाजून वही समोर ठेवली. मृत्यूच्या कारणाचा रकाना वरून खाली वाचत गेले. वृद्धापकाळ. वृद्धापकाळ. हृदयविकार. दीर्घ आजार. वृद्धापकाळ. अल्प आजार. सर्पदंश. वृद्धापकाळ. दीर्घ आजार म्हणजे काय हो भाऊसाहेब? ते म्हणाले, "ताई, सांगायला आलेला माणूस जे सांगतो ते आम्ही लिहितो. घरी मयत झाली तर डॉक्टरचा कागद कुठून येणार, आणि कॅन्सर म्हणायला लोक कचरतात, घरात पोरी लग्नाच्या असतात."

त्या वहीत एक म्हातारी सापडली, ८१ वर्षं, मळ्यात राहायची, कारण वृद्धापकाळ. सुनेला विचारलं तर म्हणाली छातीला गाठ होती, फुटलेली, दोन वर्षं पट्ट्या बदलत होतो, नाशिकला नेऊन तपासलेलं पण ऑपरेशन त्यांनीच नको म्हटलं. कागद होता. नानांच्या यादीत ती नव्हती कारण ८१ वर्षांची बाई गेली की कुणी कारण विचारत नाही.

दुसरं नाव द्राक्षबागेतल्या मजूर वस्तीतलं. सुरगाणा-पेठ भागातली कुटुंबं, कामाला येतात, काही इथंच राहून गेलीत. बारा वर्षं इथं राहिलेली एक बाई, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, सिव्हिलला निदान झालं, शेवटी शेवटी नवऱ्यानं तिला सुरगाण्याकडं आईकडं नेलं, तिथंच गेली. नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत. गावाच्या वहीत नाही, नानांच्या वहीत नाही, मतदार यादीत पण नाही. वस्तीवर विचारलं तेव्हा तिचा मुलगा, असेल नववी-दहावीतला, त्यानं मोबाइलमधला रिपोर्टचा फोटो काढून दाखवला, झूम करून. आणि तिला वर मोजायचं तर वस्तीतले सगळे लोक खाली पण मोजायला पाहिजेत, नाहीतर परत तीच गडबड.

तर ११ अधिक २, १३.

आता मुळात नोंदी कुठं कुठं आहेत ते बघा, कारण मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मर्म इथं आहे. आपल्याकडं मृत्यूची नोंद माणूस जिथं मरतो तिथं होते, जिथं राहतो तिथं नाही. १३ पैकी ७ गावच्या वहीत, ४ नाशिक महानगरपालिकेत, १ मुंबईत, १ सुरगाण्याकडं. निव्वळ ग्रामपंचायतीच्या वहीवरून दर काढला असता तर तो निम्मा आला असता. आणि याच्या उलटं नाशिक शहराचं. धुळे, नंदुरबार, जळगावचे पेशंट नाशिकच्या कॅन्सर हॉस्पिटलात येतात, तिथं गेले की नोंद नाशिकची, त्या नोंदींना शहराच्या लोकसंख्येनं भागलं तर शहर भयंकर दिसेल आणि नंदुरबार एकदम ठणठणीत. मृत्यूच्या फॉर्म दोनमध्ये राहण्याचं गाव वेगळं विचारलेलं असतं, इतकंच काय तंबाखू खात होते का, किती वर्षं, हे पण विचारलेलं असतं. पण बहुतेक वेळा तो भाग घाईत भरलेला, नाहीतर रेघ मारलेली. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीच रेघ मारून सही केलेली, मग दुसऱ्याला काय बोलणार.

लोकसंख्या नीट पाहिजे होती. तोवर २०११ नंतर जनगणनाच झालेली नव्हती, २०२१ ची पुढे ढकललेली. मग जुगाड. अठराच्या वरचे लोक मतदार यादीवरून, त्यात वय पण छापलेलं असतं, हा मोठा फायदा. पोरं अंगणवाडी आणि शाळेच्या पटावरून. बाहेर राहणारे पण नाव न कापलेले मतदार भावाला आणि आशाताईंना विचारून खोडले, मजूर वस्ती घरं मोजून धरली. पाच हजाराच्या आसपास आले. पाच वर्षांचे पंचवीस हजार माणूस-वर्षं. त्यात १३ मृत्यू, म्हणजे लाखाला वर्षाला ५२.

देशाचा ६४. म्हणजे गावाचा दर कमी? इथं मी स्वतः चुकले आणि ते लिहिलंच पाहिजे. ते ५२ आणि ६४ शेजारी शेजारी ठेवून मी भावाला मेसेजसुद्धा टाकला, "कमीच आहे रे." रात्री झोपताना डोक्यात आलं की ६४ हा वय-प्रमाणित दर आहे आणि माझा ५२ साधा, कच्चा. वय-प्रमाणित म्हणजे काय तर एक ठरावीक काल्पनिक लोकसंख्या धरतात, एक लाखाची, त्यात ० ते ४ वयाचे १२ हजार, ५० ते ५४ चे ५ हजार, ६५ च्या पुढचे सगळे मिळून फक्त ७ हजार, आणि प्रत्येक वयोगटाचा तुमचा दर त्या लोकांवर लावून बघतात. यामुळे म्हाताऱ्यांचा देश आणि पोरांचा देश यांची तुलना करता येते. भारताच्या बाबतीत गंमत अशी की कच्चा दर पण ६५ च्या आसपासच येतो, ९ लाख १७ हजाराला १४० कोटींनी भागून बघा, कारण आपल्याकडं पण ६५ च्या वरचे साधारण ७ टक्केच आहेत. म्हणजे मेसेज चुकीच्या कारणानं टाकलेला पण आकडा फार हलला नाही. नशीब.

मात्र आमचं गाव म्हातारं आहे. तरणी पोरं नाशिक-पुण्याला, मागं आईवडील. मतदार यादीवरून ६५ च्या पुढचे ११ टक्के निघाले. देशाच्या कच्च्या दरानं या गावात पाच वर्षांत १६ मृत्यू अपेक्षित धरले असते, पण गावाचं वय लक्षात घेऊन ढोबळ हिशोब केला तर अपेक्षित २० च्या जवळ जातात. आणि झालेत १३.

आता कमी आहेत म्हणायचं का? नाही म्हणता येत. १३ हा आकडा असा आहे की त्यामागचा खरा धोका पाच वर्षांत ७ मृत्यूंचा पण असू शकतो आणि २२ चा पण, बाकी नुसता योगायोग, माझ्या विषयात त्याला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. २० त्या पट्ट्यात बसतात, १६ पण बसतात. म्हणजे देशापेक्षा वेगळं आहे असं ठामपणे सांगता येत नाही, ना वर ना खाली. अमेरिकेत प्रत्येक काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, कॅन्सरचा मृत्यूदर देशाच्या दराशी ताडून बघायची सरकारी सोय आहे. दर वर आहे, सारखा आहे की खाली, आणि गेल्या काही वर्षांचा कल चढता, स्थिर की उतरता, अशा खणांत काउंटी बसवतात. तिथं नोंद माणसाच्या राहत्या पत्त्यावर होते म्हणून हे जमतं. पण त्यांचा एक नियम मला फार आवडतो, १६ पेक्षा कमी केसेस असल्या तर ते दर दाखवतच नाहीत, जागा रिकामी ठेवतात. एक तर तेवढ्याशा आकड्यावर दर डुगडुगतो, आणि माणूस ओळखू येतो. आमचे १३. त्यांच्या तक्त्यात आमचं गाव कोरं राहिलं असतं.

नानांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. "म्हणजे सोळा मरायची वाट बघायची का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नीट नाहीये.

त्यांचा दुसरा मुद्दा तोंडाच्या कॅन्सरचा. म्हणाले दर सोड, तोंडाचे-घशाचेच पाच आहेत त्या तेरात. पिशव्या परत उघडल्या. तीन खरोखर तोंडाचे, दोन गालाच्या आतले आणि एक जिभेचा. चौथा स्वरयंत्राचा, पाचवा अन्ननलिकेचा, गावाच्या भाषेत दोन्ही घशाचे. देशात कॅन्सरच्या मृत्यूंपैकी तोंडाच्या कॅन्सरचे ९ टक्क्यांच्या जरा खाली, २०२२ मध्ये साधारण ८० हजार. त्या हिशोबानं गावात दीड-पावणेदोन अपेक्षित, झाले ३. दुप्पट दिसतं पण तीनाचा पट्टा अर्ध्या-पाऊणपासून पावणेनऊपर्यंत पसरलेला. आणि दुसरी गोष्ट, आधी यादी बघून मग "तोंडाचे जास्त आहेत" असं ठरवणं म्हणजे भिंतीवर खडा मारून नंतर त्याभोवती खडूनं गोल काढण्यासारखं. रक्ताचे जास्त असते तर आपण रक्ताचे मोजले असते.

तरी या पाचांबद्दल एक गोष्ट दराशिवाय पण बोलता येते. पाचही जण तंबाखू खायचे, चार जण गाय छाप आणि चुना तळहातावर मळून, एक बाई मिश्री लावायच्या. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत निघाले आणि तंबाखू चघळणारे-लावणारे २४ टक्के. आपल्याकडं धूर कमी, तंबाखू तोंडातच. गुटखाबंदी राज्यात २०१२ पासून आहे, गावाच्या पानटपरीवर तिचा परिणाम काय आहे हे मी वेगळं सांगायला नको.

फवारणीचं काय? हा प्रश्न मला गावात प्रत्येकानं विचारला. खरं सांगायचं तर या आकड्यांतून फवारणी दोषी पण ठरत नाही आणि सुटत पण नाही. डावणी-भुरीवरची बुरशीनाशकं, तणनाशकं, पंपाला हात लावल्यावर तसंच जेवायला बसणारे मजूर, हे सगळं डोळ्यासमोर आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाला त्याच कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये बहुधा कॅन्सरकारक अशा गटात टाकलंय. पण कॅन्सरला वीस-वीस वर्षं लागतात, आज जो गेला त्यानं २००० साली काय फवारलं ते कोण सांगणार, आणि सगळ्यात जास्त फवारणारे मजूर तर आपल्या यादीत, नोंदीत, मतदार यादीत कुठंच नाहीत. फवारणीचा तपास करायचा तर फवारणारी माणसं आधी मोजावी लागतील. ते या निवेदनाच्या तिसऱ्या ओळीत उरकण्यासारखं काम नाही.

मग कल. मसुद्यात होतं की आधीच्या पाच वर्षांत तीन आणि आता तेवीस. ते तीन आले होते ग्रामपंचायतीच्या वहीतून आणि तेवीस नानांच्या वहीतून, म्हणजे एकाची उंची फुटात, दुसऱ्याची सेंटीमीटरमध्ये. एकाच वहीतून तिन्ही खिडक्या काढल्या. कारणाच्या रकान्यात कॅन्सर असा शब्द असलेल्या नोंदी २००९ ते १३ मध्ये २, २०१४ ते १८ मध्ये ३, २०१९ ते २३ मध्ये ५. वाढ आहे. पण शेजारी "दीर्घ आजार" पण मोजला: २१, मग ९, मग ४. बघा म्हणजे. एक शब्द चढतोय, दुसरा उतरतोय. जनआरोग्य योजनेमुळे लोक नाशिकपर्यंत जायला लागले, बायोप्सी व्हायला लागली, आजाराला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की ते वहीत पण उतरतं. यातली खरी वाढ किती आणि नाव बदलल्याची किती, हे या वहीतून वेगळं करता येत नाही. शिवाय गाव दरवर्षी म्हातारं होतंय ते आहेच.

भावानं एक फॉरवर्ड दाखवला होता, देशात दोन वर्षांत मृत्यू साडेआठ लाखांवरून सव्वानऊ लाखांकडं. हे ग्लोबोकॅनचे २०२० आणि २०२२ चे आकडे आहेत, दोन्ही खरे, पण ते दोन वेगळे अंदाज आहेत, दरवेळी कच्चा माल आणि पद्धत बदलते, त्यामुळे एका आवृत्तीतून दुसरी वजा करून वाढ काढू नका असं तेच सांगतात.

आणि मुळात देशाचा आकडा तरी कुठं दगडावर कोरलेला आहे. २०२० मध्ये देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले होते २२.५ टक्के. बाकीच्यांचं कारण भाऊसाहेबांच्या रकान्यासारखं. म्हणून राष्ट्रीय आकडा मॉडेलनं बांधावा लागतो. कॅन्सरची लोकसंख्या-आधारित नोंदणी, जिथं कर्मचारी स्वतः हॉस्पिटलं आणि गावं फिरून केसेस शोधतात, तिच्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ नोंदणी केंद्रांचे आकडे होते. आपल्या राज्यातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. नाशिक नाही. २०११ ला ६१ लाखांचा जिल्हा, पंधरा तालुके, आणि त्या यादीत नाही.

त्याच अहवालात देशातला सगळ्यात कमी कॅन्सरचा दर उस्मानाबाद-बीडचा आहे, पुरुषांमध्ये लाखाला ३९.५, आणि सगळ्यात जास्त मिझोरामच्या आयझॉलचा, २६९.४. हे नवीन रुग्णांचे दर आहेत, मृत्यूचे नाहीत. आयझॉलमध्ये तंबाखू वगैरे खरी कारणं आहेतच, पण ३९.५ वाचून बीडचा माणूस कॅन्सरपासून सुरक्षित आहे असं म्हणायला माझं मन धजत नाही, ८१ वर्षांची ती म्हातारी आठवते. देशभरातल्या घरांत जाऊन मृत्यूची लक्षणं विचारून एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात २०१० साली देशात साडेपाच लाखांच्या वर कॅन्सर मृत्यू निघाले, ७१ टक्के ३० ते ६९ वयातले, आणि मुख्य म्हणजे त्या वयात खेड्यातला आणि शहरातला मृत्यूदर जवळपास सारखा निघाला. नोंदणीत शहरात कॅन्सर जास्त दिसतो, मरताना फरक राहत नाही. आमच्या १३ मधले ८ जण त्याच वयातले.

ग्रामसभा झाली. मी बोलले, लोकांनी ऐकलं, मागून एक जण म्हणाला, "ताई, तू गावाच्या बाजूनं का सरकारच्या?" मी म्हटलं आठ पट लिहून दिलं तर तिकडं जो कुणी हुशार बसलेला असेल तो पहिल्या मिनिटात पाचनं भागायचं राहिलं हे पकडेल आणि मग तुमचं पुढचं एक अक्षर वाचणार नाही. त्यावर थोडी चुळबुळ, मग नानाच उठले आणि आठ पटीची ओळ स्वतःच्या पेनानं खोडली. त्याजागी तीन मागण्या आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड तपासणीचा कॅम्प, आणि तो मजूर वस्तीवर पण. जिल्ह्यासाठी कॅन्सर नोंदणी. आणि बाहेर मरण पावलेल्या गावकऱ्याची माहिती गावाला कळायची काहीतरी सोय. फवारणीची ओळ राहिली, मी विरोध केला नाही, फक्त "कारण" काढून "तपासणी व्हावी" केलं. भाऊ त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करण्यासारखी होती, कुणाची परवानगी नको. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर हॉस्पिटलनं मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. भाऊसाहेबांनी ठरवलं की गावात दहाव्याला जातील तेव्हा ती प्रत मागायची आणि एका वेगळ्या वहीत लावून ठेवायची, मयत कुठंही झाली असली तरी. चौकटीची शंभर पानी वही, नानांनीच आणून दिली.

फेब्रुवारीत, माल तोडणीच्या ऐन गर्दीत, भाऊसाहेबांचा फोन आला. "ताई, कागदावर पहिल्या ओळीत हृदयक्रिया बंद पडून असं आहे, दुसरीत लिव्हर मेटास्टॅसिस. लिव्हरचा लिहू का?"

म्हटलं खाली अजून ओळ आहे का बघा.

"आहे की. पण ती रिकामी आहे."

"मग पिशवी मागा घरच्यांना," मी म्हटलं, "मेटास्टॅसिस म्हणजे दुसरीकडून पसरलेला. बायोप्सीचा कागद बघा, पहिल्यांदा कुठं निघाला होता ते."

दहा मिनिटांनी परत फोन. "जिभेचा, २०२२ चा."

"तोच लिहा."